खाद्यात गाळ किती

१४ नोव्हेंबर, शिआपू

ताई,

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. परवा दाजींनी उचलला आणि म्हणाले, "ती झोपलीय." सकाळचे अकरा वाजले होते आणि मागून तुझाच आवाज येत होता, "म्हणावं झोपलीय." इतकं मोठ्यानं झोपलेलं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं.

माझं अक्षर तुला माहीत आहे. सातवीनंतर हातात पेन धरलं ते फक्त पोत्यांवर आकडे टाकायला. समजून घे.

मी इथे दक्षिणेला पोचलो. आपल्या रोंगचेंगहून निघालो त्याला बारा दिवस झाले. जू ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये मागे समुद्रकाकडीच्या पिल्लांचे थर्मोकोलचे खोके, पुढे आम्ही दोघं. दर चार तासांनी मी गाडी थांबवायला लावायचो आणि मागे चढून बर्फ बघायचो. जू वैतागला. म्हणाला, "स्वतःच्या पोरांना कुणी इतकं बघत नाही, आणि ह्या तर काकड्या!" पण एकही खोका वाया गेला नाही. तीस ग्रॅमची पिल्लं निघाली, तीस ग्रॅमचीच उतरली. हे तुला कळावं असं वाटलं.

आपल्याकडे आता काकड्या थंडीने अंग चोरून पडल्या असतील. इथलं पाणी अठरा अंशांवर आहे, अजून उतरेल आणि चौदाच्या आसपास थांबेल म्हणतात. म्हणजे अख्खा हिवाळा खात राहायचं आणि मार्चला विक्रीला तयार. आपल्याकडे ज्याला दीड-दोन वर्षं लागतात ते इथे साडेचार महिन्यांत. तूच सांगितलं होतंस हे, पण मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

काम सांगतो. खाडीत तराफे आहेत, त्यांच्यावरच लाकडी खोपटात आम्ही राहतो. तराफ्याखाली दोरीला प्लास्टिकच्या जाळीदार पेट्या लटकवलेल्या, एका दोरीला सहा, एकीवर एक, कपाटाच्या खणांसारख्या. दर चार दिवसांनी दोरी वर ओढायची, पेटी उघडायची, घाण धुवायची, खाद्य टाकायचं, परत खाली सोडायची. माझ्या बोटांची पेरं सुजून आल्याच्या गड्ड्यागत झालीत.

मालकाचं नाव लान. फारसा बोलत नाही. झोंग मावशी म्हणून एक पन्नाशीची बाई आहे, ती स्वयंपाक करते आणि पहिल्या दोन रांगांच्या काकड्याही बघते. जेवायला रोज भात आणि माशाच्या गोळ्यांचं पाणीदार सार. गव्हाचं काही मागितलं तर हसतात. त्यांची आपसातली बोली मला ओ की ठो कळत नाही, माझ्याशी मात्र मोडकीतोडकी आपल्याकडची भाषा बोलतात.

चौथी रांग माझ्याकडे दिलीय. खाद्य कालवण्यासकट सगळी. आल्या आल्या नव्या माणसाला रांग कुणी देत नाही, पण मी लानला सांगितलं की रोंगचेंगला, तू पिल्लं वाढवायचीस त्या शेडमध्ये, मी पाच वर्षं खाद्य बघायचो. हे अगदीच खोटं नाही. पाच वर्षं पोती तर मीच उचलायचो.

तर मुद्दा हा. मला प्रमाण लिहून पाठव. शेवाळ किती, मासळीची भुकटी किती, सोयाबीनचं पीठ घालायचं की नाही. बाकी एक अक्षर लिहिलं नाहीस तरी चालेल. तू मला ज्या तऱ्हेने ट्रकवर चढवलंस त्याबद्दलही मी काही बोलत नाही. शेडमध्ये झालं ते झालं. त्या आठवड्यात पाणीसुद्धा गरम झालं होतं, सगळेच म्हणत होते.

रुईशेंग


९ डिसेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

काल वजन झालं. लान प्रत्येक रांगेतून मूठभर काकड्या काढतो आणि अर्ध्या किलोत किती बसतात ते मोजतो. आम्ही पेट्या भरल्या तेव्हा सगळ्यांच्या सोळा-सतरा बसत होत्या. काल झोंग मावशीच्या अकरा बसल्या. माझ्या सोळाच. म्हणजे महिनाभर माझ्या काकड्यांनी नुसती खाडीची हवा खाल्ली.

लान ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मावशीची एक आणि माझी एक अशा दोन काकड्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि चहा प्यायला निघून गेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. एकाने माझ्या काकडीकडे बोट दाखवून विचारलं, "ही हिची मुलगी का?"

मी खाद्यात काही कमी केलं नव्हतं गं. उलट शेवाळाची भुकटी मी कापडातून गाळून घेत होतो. सोयाबीनचं पीठ मावशीच्या दुप्पट. मासळीची भुकटी तर ती चिमूट घालते तिथे मी मूठ घालत होतो. चांगलंचुंगलं खायला घातलं की वाढणार, यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटत होतं.

दुपारी मावशी माझ्या रांगेवर आली. बाह्या वर करून एक पेटी उघडली आणि माझा हात धरून आत खुपसला. तळाला शेंबडासारखं काहीतरी लागलं.

"हे काय?" ती म्हणाली.

"खाद्य. उरलेलं."

"उरलेलं कसलं, कुजलेलं. गाळ कुठाय तुझ्या खाद्यात?"

मी म्हणालो, "गाळ कशाला? गाळ म्हणजे वजन वाढवायला व्यापारी घालतात तो. तळाला फुकट पडलेली घाण मी कशाला खायला घालू?"

"कुठल्या तळाला? पेटीला तळ आहे तो प्लास्टिकचा. अरे उत्तरेकडच्या शहाण्या, ही चिखल खाणारी जात आहे! तोंडाने चिखल आत, मागून चिखल बाहेर, मध्ये जे अंगाला लागेल तेच हिचं जेवण. तू नुसती चरबी वाढतोयस वाटीत. तुझ्यापुढे पातेलंभर डुकराची चरबी ठेवली आणि भात दिला नाही, तर किती दिवस खाशील?"

"दोन दिवस खाईन."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

तिसऱ्या दिवशी काय होतं ते मला माहीत आहे.

ती मला ओहोटीला घेऊन गेली. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे बोटींचं तेल येत नाही तिथला वरवरचा बोटभर गाळ खरवडायचा. कापडातून गाळायचा, उन्हात वाळवायचा, परत भिजवायचा. मग त्यात शेवाळ. हे सगळं तू करायचीस. मी पाच वर्षं बघत होतो आणि मला वाटायचं तू खाद्य पुरवून पुरवून वापरतेस. शेड मालकाची, खाद्य मालकाचं, तरी ही बाई चिखल घालून का पुरवते, असं मी दाजींना एकदा म्हणालोसुद्धा होतो. दाजी नुसते हसले होते.

शेडमधल्या तीन, चार आणि पाच नंबरच्या टाक्यांत मी गाळ घातला नव्हता, ताई. तुला हे माहीतच असेल. मी मात्र पहिल्यांदाच लिहितोय.

रुईशेंग


२ जानेवारी

ताई,

तुझा कागद पोचला. जू पिल्लांची शेवटची खेप घेऊन आला त्याच्याकडून. वर नाव नाही, खाली सही नाही, कसा आहेस नाही. मी तो इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. दोन वाट्या गाळ, एक वाटी शेवाळ. सोयाबीन बंद. मासळीची भुकटी दहा वाट्यांना एक चमचा, तीही पाणी पंधराच्या खाली गेल्यावर. मिठातलं शेवाळ असेल तर आदल्या दिवशी भिजत घालून तीनदा पाणी बदलायचं. खाद्य टाकण्याआधी विष्ठा बघायची: लांब, न तुटलेली आणि गाळाच्या रंगाची असेल तर ठीक, तुटक आणि चिकट असेल तर एक वेळ उपाशी ठेवायचं. शेवटी लिहिलंयस, "हाताने कालव, फावड्याने नाही."

त्याच दिवशी दुपारचं सांगायचंय. न सांगता ठेवलं असतं तर तुला कळलंही नसतं.

आम्ही सगळे तराफ्यावर जेवायला बसलो होतो. लान, मावशी, शेजारच्या तराफ्यांवरचे तिघं-चौघं मालक आणि जू. जूला दोन घोट चढले की त्याला गोष्टी सुचतात. म्हणाला, "रोंगचेंगच्या शेडमधल्या बाईची गोष्ट ऐकलीय का? सतरा वर्षं पिल्लं वाढवली. किनाऱ्यावर तिचं नाव घेतलं की पिल्लं न बघता उचलायचे. आणि एक दिवस बाईच्या मनात आलं, आज पोरींना मेजवानी द्यायची! गाळबीळ काही नाही, नुसती मासळी आणि सोयाबीन! तीन दिवसांत तीन टाक्या आतडी ओकून मेल्या. कातडी अशी विरघळली की बादलीत भरून ओतायला लागली!"

सगळे हसले. एक मालक म्हणाला, "सतरा वर्षांनी बाईचा स्वयंपाक बिघडला!" दुसरा म्हणाला, "नवऱ्याला काय वाढत असेल?" जू म्हणाला, "आता कारखान्यात काकड्यांची पोटं चिरते. तिथे काही बिघडवता येत नाही!"

ही गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. नवीन माणूस गाळ घालायला विसरला की त्याला म्हणतात, "काय, मेजवानी का?" मला वाटलं होतं ते रोंगचेंगपुरतं राहिलं असेल.

मीही हसलो. तुझा कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि मी सगळ्यांच्या बरोबरीने हसलो. जूला माहीत आहे मी तुझा भाऊ आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. बाकी कुणाला मी हे सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मी तिथला एक कामगार.

आता नीट लिहितो. मे महिन्यात दाजींच्या आईला दवाखान्यात ठेवलं म्हणून तू चार दिवस वायहायला गेलीस. जाताना मला म्हणालीस, "कालवून ठेवलंय, नुसतं टाक." कालवलेलं दोन दिवस पुरणार होतं, पुढच्या दोन दिवसांसाठी तू सगळं मोजून वेगळं ठेवलं होतंस. मी पहिल्याच दिवशी तुझं कालवलेलं बाजूला सारलं. मला वाटलं, तू येशील तेव्हा तीन टाक्यांतली पिल्लं डोळ्यांना दिसतील इतकी मोठी झालेली असतील, मालक बघेल आणि म्हणेल, हे कुणी केलं? आणि तू म्हणशील, धाकट्याने.

मालकाने विचारलंच. हे कुणी केलं? तू म्हणालीस, "मिश्रण माझं होतं."

मी तुझ्या मागे उभा होतो. हातात बादली होती. मला तोंड उघडायला पूर्ण वेळ होता, कारण मालक तिन्ही टाक्या एकेक करून बघत फिरला.

मे ते ऑक्टोबर मी घरी जेवलो. तू कारखान्यातून यायचीस, हातांना तेल चोळायचीस आणि मला वाढायचीस. ऑक्टोबरात एक दिवस म्हणालीस, "तू दक्षिणेला जा. तुझं तोंड समोर दिसलं की मला खरं सांगून टाकावंसं वाटतं." मी सगळ्यांना सांगत फिरलो की बहिणीने घराबाहेर काढलं.

पाणी गरम झालं नव्हतं. मी ते स्वतः मोजून लिहून ठेवलं होतं, तेरा अंश.

रुईशेंग


२४ फेब्रुवारी

ताई,

नववर्ष झालं. मी मोमो केले, कोबी आणि डुकराच्या मांसाचे. पाऱ्या इतक्या जाड झाल्या की मावशी म्हणाली, "हे खायचे की बोटीला नांगर म्हणून टाकायचे?" लानने घरी जेवायला बोलावलं होतं. मी पाठवलेलं दूध पोचलं का ते दाजींना विचारलं, त्यांनी हो म्हणून सांगितलं. पावडरचं नाही, चांगलं डब्यातलं आहे ते. तू पीत जा.

काकड्यांचं सांगतो. तुझ्या प्रमाणाने जानेवारीपासून कालवतोय, हाताने. पहिले दहा दिवस काही दिसलं नाही, मला वाटलं उशीर झाला. मग एक दिवस पेटी उघडली तर विष्ठा लांबच्या लांब पडलेली, गाळाच्या रंगाची. मी ती मावशीला नेऊन दाखवली. ती म्हणाली, "शीचं इतकं कौतुक फक्त नव्या आईला असतं." त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. काल अर्ध्या किलोत सहा बसल्या. मावशीच्याही सहाच. अंगावरचे काटे उभे, हाताला घट्ट. मरतूक सगळ्या रांगांत माझ्याच रांगेत कमी.

आता जे लिहायचं आहे ते.

लान आणि आणखी तीन तराफेवाले मिळून आपल्याकडे एक शेड भाड्याने घेताहेत. त्यांना पिल्लं स्वतः वाढवून आणायची आहेत. कुठली शेड, तर तीच. मालकाला ती आता चालवायची नाही, तू गेल्यापासून दोन माणसं येऊन गेली, कुणी टिकलं नाही. लानने मला विचारलं, "तू बघशील का? तिथलाच आहेस, आणि खाद्याला तुझा हात बसलाय." मी म्हणालो बघतो. तो म्हणाला, "एकच. ती मेजवानीवाली बाई तिथे आसपास राहत असेल. ती शेडमध्ये पाऊल टाकणार नाही हे तू बघायचं. बाकीचे तिघं तेवढ्यावर अडलेत. लोक म्हणतील तिच्याच टाक्यांतली पिल्लं आहेत."

मी मान हलवली.

मी असा विचार केला. शेड माझ्याकडे आली म्हणजे घरातच आली. तू घरी बसून प्रमाण सांगायचंस, मी तिथे जाऊन करायचं. तुला कारखान्यात जायला नको, मिठाच्या पाण्यात हात घालायला नको. लोकांना काय, पिल्लं चांगली निघाल्याशी मतलब. दोन-तीन वर्षांनी सगळे विसरतील आणि मग तू हळूहळू यायला लागशील. यात वाईट काय आहे ते मला सांग.

बावीस वर्षांचा झालो तरी मी नुसतं कुणाच्या तरी मागे बादली घेऊन उभा आहे, ताई. पहिल्यांदा कुणीतरी मला पुढे उभं राहा म्हणालं.

उत्तर लवकर पाठव. पुढच्या महिन्यात काढणी झाली की त्यांना नक्की सांगायचंय.

रुईशेंग


२८ मार्च

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. दाजींनी ठेवलं असेल तर त्यांच्याकडून घेऊन फाड.

दाजींचा फोन आला होता. ते म्हणाले तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालीस, "घेऊ दे त्याला. मी लांब राहीन." इतकंच बोललीस आणि कामाला गेलीस. मी त्यांना विचारलं, हात कसे आहेत. ते म्हणाले, "उकळतं पाणी आणि मीठ, कसे असणार? हल्ली भाजी चिरायची तर मी चिरतो." मग म्हणाले, "रुईशेंग, ती शेडवरून जात नाही. कारखान्याला जायला तो जवळचा रस्ता आहे, पण ती मागून फिरून जाते. वीस मिनिटं जास्त लागतात." दाजी इतकं सलग कधी बोलत नाहीत.

त्यावर मी आठ दिवस काही केलं नाही. हे पण लिहितो, नाहीतर तुला वाटेल मी लगेच उठलो.

काल काढणी होती. पाणी सोळावर आलंय, अजून चढलं की काकड्या खाणं सोडतील, म्हणून सगळ्यांची एकदम घाई आहे. चारही मालक लानच्या तराफ्यावर आले होते. व्यापारी आला होता, जूचा ट्रक धक्क्यावर उभा होता. चौथ्या रांगेच्या पेट्या वर आल्या. अर्ध्या किलोत चार, काही ठिकाणी साडेतीन. व्यापाऱ्याने एक काकडी तळहातावर घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

दाई नावाचा एक मालक आहे, जाडा, तोच "नवऱ्याला काय वाढत असेल" म्हणाला होता. तो मला म्हणाला, "झालं तर मग! शेड तुझी! पण बाबा, तू त्याच शेडमधला ना? गाळ घालशील ना आठवणीने? की तुला पण मेजवानीची सवय?"

सगळे हसले. मावशीही हसली.

मी म्हणालो, "ती मेजवानी मी दिली होती."

दाई म्हणाला, "काय दिली होतीस?"

"तीन, चार आणि पाच नंबरच्या टाक्या. बाई गावाला गेली होती. तिने सगळं मोजून ठेवलं होतं. मी ते बाजूला सारलं आणि माझ्या मनाने कालवलं. ती चौथ्या दिवशी परत आली तेव्हा सगळं मेलेलं होतं."

कुणी हसलं नाही. जू म्हणाला, "अरे, जाऊ दे ना आता." मी म्हणालो, "जू काका, तुम्ही गप्प बसा. मी कोण ते तुम्हाला माहीत होतं."

लानने हातातली काकडी पाटीत ठेवली. "मग तिने स्वतःवर का घेतलं?"

"ती माझी बहीण आहे."

"ते नाही विचारलं. सतरा वर्षांचं नाव कुणी असं फेकतं का?"

मी म्हणालो, "पहिल्यांदाच खाद्य कालवताना ज्याच्या हातून टाक्या जातात त्याला आमच्या किनाऱ्यावर परत कुणी उभं करत नाही. तिला वाटलं तिचं नाव मोठं आहे, एवढ्याने जाणार नाही. मला वाटतं तिने फार विचार केला नाही. मालकाने विचारलं आणि ती बोलली."

"आणि तू?"

"मी काही बोललो नाही. दहा महिने."

दाई म्हणाला, "मग ह्या वर्षी ह्या काकड्या कुणी वाढवल्या? गाळाचं तुला कुणी शिकवलं?"

"गाळाचं झोंग मावशीने. प्रमाण माझ्या बहिणीने, कागदावर लिहून. मी डिसेंबरपर्यंत इथेही तेच करत होतो, विचारा लानला. माझी एक काकडी त्यांनी फळीवर ठेवली होती."

लानला ते आठवलं. तो मावशीकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला, मावशी बराच वेळ बोलली, दाई मध्ये बोलला, मावशीने त्याला गप्प केलं. मला एक शब्द कळला नाही. मी पेट्या ओढत राहिलो, अजून सत्तर दोऱ्या खाली होत्या.

मग लान माझ्याजवळ आला. म्हणाला, "शेड तुला नाही."

"माहीत आहे."

"इथेसुद्धा खाद्याला हात लावायचा नाही. पेट्या धुवायच्या."

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत." आणि जाता जाता म्हणाला, "माझ्या रांगेवर तू खोटं सांगून आलास. हे मी विसरणार नाही. तिचं नाव काय?"

मी सांगितलं, चू रुईलान. त्याने ते हातावर लिहून घेतलं.

तर आता नीट वाच. छिंगमिंगला ते इथे आपापल्या वाडवडिलांच्या थडग्यांवर जातील, आणि त्यानंतर दोन दिवसांनी, सात तारखेला, लान आणि दाई रोंगचेंगला पोचतील. शेड बघतील आणि मग ती तू चालवशील का हे विचारायला तुझ्याकडे येतील. कारखान्यातून त्या दिवशी सुट्टी घे. दाईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, तो सगळ्यांशीच तसा बोलतो. खाद्याचं विचारतील ते तू सांगशीलच. पाण्याचं विचारतील, पिल्लं किती दाट ठेवतेस ते विचारतील. मला त्याची काळजी नाही.

पण लान तुला हेही विचारणार आहे की त्या दिवशी खाद्य कुणी कालवलं होतं. तो मला तसं म्हणाला, तिच्या तोंडून ऐकीन. आणि मी तुला ओळखतो. तुझ्या तोंडात उत्तर तयार आहे, दहा महिने तेच देते आहेस. तू म्हणशील, "मिश्रण माझं होतं, पोरगा बहिणीच्या मायेने सांगतोय." आणि ताई, ते तुझ्यावर विश्वास ठेवतील. तू सांगितलंस की लोकांना खरं वाटतं, माझं तसं नाही. मग इतक्या माणसांसमोर मी जे बोललो ते फुकट जाईल, आणि ते दोघं नुसती शेड बघून परत येतील.

म्हणून या वेळी माझं नाव घे. "धाकटा" नको, "घरातलं कुणीतरी" नको. चू रुईशेंग. दोघांच्याही तोंडाकडे बघून सांग, आणि नंतर पुढे काही जोडू नकोस.

रुईशेंग